तुमचा पुढचा चित्रपट मोसे खोऱ्यात घडू दे
दिग्दर्शिका आरती कडव यांना खुलं पत्र

प्रिय आरती कडव,



'मिसेस' आला तेव्हा आमच्या स्टाफरूममध्ये आठवडाभर त्याच्यावरून वाद चालले होते. सिंकखालचा तो गळका पाइप कितीजणींनी आपापल्या घरात ओळखला. त्या चित्रपटाबद्दल तुमचं कौतुक सगळीकडे झालं आणि ते व्हायलाच हवं होतं. पण मी तेव्हाही वाट पाहत होते आणि आजही पाहते आहे ती 'कार्गो' करणाऱ्या आरती कडव यांच्या पुढच्या विज्ञानपटाची. आणि नुसती वाट पाहत बसण्यापेक्षा मनातलं स्पष्ट लिहावं, म्हणून हे पत्र. तुमचा पुढचा विज्ञानपट थरारपट असावा, मराठीत असावा आणि तो लवासात घडावा. हे का म्हणते आहे, ते सविस्तर सांगते.

मी मुळशी तालुक्यात राहते, पिरंगुटच्या बाजूला एका कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवते. माझ्या वर्गात मुठा खोऱ्यातली, मोसे खोऱ्यातली मुलं-मुली येतात. काही एसटीने, काही कुणाच्या तरी गाडीवर मागे बसून. विज्ञानकथा हा माझा जुना नाद. वर्गात सापेक्षतावाद शिकवताना पुस्तकाबाहेरचं काही सांगायचं झालं की मी नारळीकर सरांच्या गोष्टींकडे वळते, आणि गेली काही वर्षं 'कार्गो'कडेही.

'कार्गो'तला प्रहस्त आमच्या मुलांना फार जवळचा वाटतो. रावणाच्या सेनापतीचं नाव घेतलेला राक्षस, 'पुष्पक ६३४ए' या यानात एकटा बसून मेलेल्या माणसांची नोंद ठेवतो. माणूस येतो, त्याच्या जवळच्या वस्तू काढून घ्यायच्या, शरीर दुरुस्त करायचं, आठवणी पुसायच्या आणि पुढच्या जन्माला पाठवायचं. काम झालं की पुढचा. अंतराळातलं यान, पण आतलं सगळं एखाद्या सरकारी कचेरीसारखं, जुनी बटणं, जुने पडदे, वरिष्ठांचे निरोप. त्या वरिष्ठांच्या, नीतिज्ञ सरांच्या भूमिकेत नंदू माधव दिसले तेव्हा 'हरिश्चंद्राची फॅक्टरी'तले फाळके आठवून मला फार बरं वाटलं. ज्यांनी या देशातला पहिला पूर्ण लांबीचा कथापट केला त्यांची भूमिका करणारा नट आता पडद्यावरून पृथ्वीबाहेरच्या नोकराला सूचना देतोय!

बारावीच्या मुलांना मी हा चित्रपट पाहायला सांगितला. दुसऱ्या दिवशी वर्गात चर्चा सुरू झाली आणि मागच्या बाकावरची एक मुलगी, सहसा न बोलणारी, उठून म्हणाली, "मॅडम, हा प्रहस्त म्हणजे आमचे पप्पाच. रात्रभर एकटे बसतात, वहीत लिहितात, कोणीसुद्धा येत नाही." तिचे वडील लवासात सुरक्षारक्षक आहेत. रात्रपाळीला.

तिच्या वडिलांशी मी नंतर बोलले. त्यांची वहीही पाहिली. लांब, जाड पुठ्ठ्याची, कडेला तेलकट डाग पडलेली. रकाने हाताने आखलेले: तारीख, फेरीची वेळ, इमारत, शेरा, सही. शेऱ्याच्या रकान्यात पानामागून पान एकच: 'सर्व ठीक'. मध्येच कुठे 'पाइप फुटला', 'माकडं', 'तिसऱ्या मजल्यावर खिडकी उघडी, बंद केली'. ज्या घरांची ते राखण करतात, त्यातल्या कित्येकांत आजवर कुणी एक रात्र मुक्काम केलेला नाही. मालक आहेत, कर्जाचे हप्ते भरलेत, किल्ल्याही असतील. राहणारं कुणी नाही.

लवासाची हकीकत तुम्हाला ऐकून माहीत असेलच, तरी मुळशीच्या बाजूने ती कशी दिसते ते सांगते. वरसगाव धरणाच्या पाण्याकाठी, पुण्यापासून साठेक किलोमीटरवर, हिंदुस्तान कन्स्ट्रक्शन कंपनीने एक अख्खं शहर बांधायला घेतलं. सुमारे २५ हजार एकरांची योजना, अठरा गावांचा परिसर, इटलीतल्या पोर्तोफिनोच्या धर्तीवर काठावरच्या रंगीत इमारती. दासवे, मुगाव, धामणओहोळ या नावांची नवी नगरं. तीन लाख माणसं राहतील असा आराखडा होता. २००८ मध्ये राज्य सरकारने नियोजन प्राधिकरणाचे अधिकारही त्या कंपनीलाच दिले, म्हणजे शहर बांधणारी कंपनी आणि बांधकामाला परवानगी देणारी यंत्रणा एकाच छपराखाली. शहर चालवायला अमेरिकेतून नगर व्यवस्थापक आणला होता. निवडून दिलेला नगरसेवक नाही, महापौर नाही. कंपनीच्या मालकीचं शहर ही कल्पना इंग्रजी विज्ञानकादंबऱ्यांत कितीदा येऊन गेली. आमच्या तालुक्यात ती राजपत्रात छापून आली.

मग नोव्हेंबर २०१० मध्ये केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाची नोटीस आली, काम थांबलं. वर्षभराने अटींसह परवानगी मिळाली, पण तोवर पैशाचं गणित कोलमडलं होतं. नियोजनाचे अधिकार २०१७ मध्ये काढून घेतले गेले. ऑगस्ट २०१८ मध्ये प्रकरण दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेलं. २०२३ मध्ये एका खरेदीदाराची योजना न्यायाधिकरणाने मंजूर केली आणि पुढच्या वर्षी ती मंजुरीही रद्द झाली. कागदावर शहराचे धनी असे बदलत राहिले, आणि इकडे अर्धवट इमारतींच्या माथ्यावर उघड्या पडलेल्या सळया दर पावसाळ्यात आणखी गंजत गेल्या.

यातली एक बाजू कुणी फारशी दाखवत नाही, म्हणून मुद्दाम लिहिते. लवासा ओसाड नाही. शनिवार-रविवारी पुण्यामुंबईच्या गाड्यांची रांग लागते, तलावाकाठच्या फरसबंदीवर पोरं सेल्फी काढतात, भाजलेल्या कणसांचा धूर निघतो. ख्राइस्ट विद्यापीठाचं संकुल तिथे आहे, देशभरातली मुलं शिकतात. सोमवारी सकाळी मात्र त्याच काठावर झाडूवाल्या बाया, माळी, रक्षक आणि थोडे विद्यार्थी एवढेच उरतात. पिवळ्या, केशरी, गुलाबी भिंतींवर शेवाळाचे काळे ओघळ उतरलेले दिसतात. तीन लाखांसाठी आखलेले रस्ते आणि त्यावरून चालणारी चार माणसं. या चित्रासाठी तुम्हाला संगणकावर एक चौकटही रचावी लागणार नाही.

गोदारने १९६५ मध्ये 'अल्फाव्हिल' केला तेव्हा भविष्यातलं शहर दाखवायला एकही सेट उभारला नाही. त्या काळचं पॅरिस, त्याच्या नव्या काचेच्या इमारती, रात्रीचे दिवे, बस. तार्कोव्हस्कीने १९७९ च्या 'स्टॉकर'साठी एस्टोनियातली बंद पडलेली वीजकेंद्रं निवडली आणि तिथल्या साचलेल्या पाण्यातून, गवतातून असं भय उभं केलं की यानं आणि लेझर त्यापुढे खेळण्यातले वाटावेत. तुम्ही स्वतः टाळेबंदीत '५५ किलोमीटर/सेकंद' केलात. पृथ्वीवर उल्का आदळणार आहे आणि माणसं व्हिडिओ कॉलवर एकमेकांशी शेवटचं बोलतायत, एवढ्याच सामग्रीवर. थोडक्या साधनांत भविष्य उभं करणं तुम्हाला जमतं, हे तुम्ही दाखवून दिलंय. म्हणूनच हे पत्र दुसऱ्या कुणाला न लिहिता तुम्हाला लिहिते आहे.

आता थोडं धाडस करते. कथा तुमचीच असणार, पण त्या वहीतला 'सर्व ठीक' हा शेरा वाचल्यापासून माझ्या डोक्यात एक गोष्ट घोळते आहे आणि ती तुमच्यापर्यंत पोहोचवल्याशिवाय राहवत नाही. समजा, या शहराची नियंत्रणव्यवस्था कुणी बंदच केली नाही. कंपनी गेली, साहेब गेले, पण तळघरातला सर्व्हर चालूच राहिला. त्या व्यवस्थेला वाटतंय की ठरल्याप्रमाणे तीन लाख माणसं राहायला आली आहेत. ती त्यांना पाणी सोडते, बिलं काढते, शाळेची घंटा वाजवते, कचऱ्याच्या गाड्यांचे मार्ग आखते. मुगावची एक मुलगी तिथे रात्रपाळीला लागते, कारण कुणीतरी पडद्यासमोर बसायला हवं असा करारात नियम आहे. तिला हळूहळू कळतं की या न आलेल्या माणसांची आयुष्यं व्यवस्थेत खरोखर पुढे सरकतायत. लग्नं होतायत, मुलं जन्मतायत, कुणाचा रक्तदाब वाढलाय. आणि एका रात्री त्या यादीत तिला स्वतःच्या आजीचं नाव सापडतं. जे गाव धरणात गेलं, त्या गावच्या आजीचं, तिच्या जुन्या घराच्या पत्त्यासह.

इथून पुढे काय होईल ते मला माहीत नाही. ते तुम्हाला कळेल, असं मात्र वाटतं.

कारण लवासाची गोष्ट लवासापासून सुरू होत नाही. त्याच्याआधी धरण आहे. मोसे नदीवरच्या या धरणाला वीर बाजी पासलकरांचं नाव दिलंय, मोसे खोऱ्याचे देशमुख, शिवरायांचे सोबती. त्यांच्या खोऱ्यातल्या माणसांची शेतं पाण्याखाली गेली, आणि जी वरच्या उतारांवर सरकली त्यांच्यातल्या काहींच्या जमिनींवर पुढे नव्या शहराचे आराखडे आले. शेजारच्या पानशेतचं धरण १२ जुलै १९६१ ला फुटलं आणि पुण्याने जे पाहिलं त्याच्या आठवणी आजही पेठांमधली म्हातारी माणसं सांगतात. याच तालुक्यात १९२१ मध्ये सेनापती बापटांनी टाटांच्या धरणाविरुद्ध मुळशी सत्याग्रह उभा केला. शंभर वर्षं झाली, आमच्या भागात कुणीतरी बाहेरून येतं आणि भविष्याचा नकाशा पसरतं, आणि त्या नकाशात आमच्या लोकांचं घर कुठे आहे हे शोधावं लागतं. उन्हाळ्यात उजनीचं पाणी उतरलं की पळसदेवचं देऊळ वर येतं, ते पाहायला लोक होड्या करून जातात. बुडालेलं वर येणं हे महाराष्ट्राला नवीन नाही. ते विज्ञानकथेत अजून नीट आलेलं नाही, एवढंच.

तुमच्या थरारपटातलं भय याच मातीतून यावं, असं मला मनापासून वाटतं. खलनायक म्हणून सूटबुटातला बिल्डर उभा केला की काम सोपं होतं, पण मग प्रेक्षक सुटतो. या गोष्टीत ज्यांनी निवृत्तीचा पैसा घालून फ्लॅट घेतला ते नोकरदारही आहेत. ज्यांना तिथे पहिली पक्की नोकरी मिळाली ते गावकरी आहेत. ज्यांनी जमिनीसाठी वर्षानुवर्षं लढा दिला ते कातकरी आणि शेतकरी आहेत. मेधा पाटकरांसोबत मोर्च्यात चाललेल्या बाया आहेत, आणि त्याच गावात कंपनीच्या बसमधून कामाला गेलेल्या बायाही. माझ्या वर्गात या सगळ्यांची मुलं एका बाकावर बसतात. 'कार्गो'त राक्षसाला तुम्ही ज्या मायेने पाहिलंत, त्याच नजरेने या सगळ्यांकडे पाहिलंत तर मराठीत कधी न झालेला चित्रपट होईल.

आणि पाऊस. आमच्या भागातला पाऊस मुंबईच्या पडद्यावर कधी खरा दिसलेला नाही. २५ जुलै २०२४ ला लवासात एका दिवसात चारशे मिलिमीटरहून जास्त पाऊस पडला, डोंगर सुटला आणि दरड बंगल्यांवर आली. मी त्या सकाळी घरातच अडकले होते. फोन लागत नव्हते, घाट बंद, आणि मुलांच्या ग्रुपवर एकच प्रश्न फिरत होता, अमक्याचे वडील ड्यूटीवर होते का. अशा दिवशी धुकं इतकं खाली येतं की समोरची इमारत रंगासकट नाहीशी होते; पाण्याचा आवाज सगळीकडून येतो आणि कुठून येतो ते कळत नाही. पार्श्वसंगीत कमी ठेवा, अशी माझी एक हट्टाची विनंती आहे. डोंगर सुटण्याआधी जो आवाज येतो, दगडांचा, मुळांचा, तो आमच्या लोकांना ओळखता येतो. तो ध्वनिमुद्रकाला ऐकवा.

आता मराठीचा मुद्दा. १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेला नारायण विनायक जगताप या नावाने 'कृष्णविवर' ही कथा आली, अक्षर ओळखू येऊ नये म्हणून पत्नी मंगलाताईंच्या हस्ताक्षरात लिहिलेली. लिहिणारे होते जयंत नारळीकर. बक्षीस त्या अनोळखी जगतापांनाच मिळालं. तिथून पुढे 'यक्षांची देणगी', 'वामन परत न आला', 'प्रेषित', आणि बरोबर बाळ फोंडके, लक्ष्मण लोंढे, निरंजन घाटे, सुबोध जावडेकर. कथा-कादंबरीत मराठीने विज्ञान एवढं मुरवलं, घराघरांतल्या दिवाळी अंकांत ते वाचलं गेलं. पडद्यावर मात्र आपण फार कमी गेलो. सुजय डहाके यांनी २०१६ मध्ये 'फुंतरू' केला, अभियांत्रिकीच्या मुलांची आणि एका होलोग्राम मुलीची गोष्ट. आदित्य सरपोतदार यांनी २०२२ मध्ये 'झोंबिवली' डोंबिवलीत आणून दाखवला आणि त्यात पाण्याचा, वस्तीचा प्रश्न गुंफला. असे प्रयत्न बोटांवर मोजण्याइतके. २० मे २०२५ ला नारळीकर सर गेले. त्या आठवड्यात वर्गात मी त्यांची गोष्ट वाचून दाखवली तेव्हा एका मुलाने विचारलं, "यावर पिक्चर कुठला आहे?" मला सांगता आलं नाही.

तुम्ही नागपूरच्या. आयआयटी कानपूरमधून शिकलात, तंत्रज्ञानाच्या नोकरीतून सिनेमाकडे आलात. यंत्र आतून कसं चालतं हे माहीत असलेली व्यक्ती जेव्हा यंत्राची गोष्ट सांगते तेव्हा तिच्यात लुटुपुटूचा भाग राहत नाही, हे मी भौतिकशास्त्राची शिक्षिका म्हणून खात्रीने सांगते. हिंदीत तुम्हाला निर्माते मिळतील, मोठे नट मिळतील. तरी ही गोष्ट हिंदीत बोलू लागली तर रक्षकाच्या वहीतला 'सर्व ठीक' हा शेरा पोशाखी होईल. मुगावची मुलगी आईशी ज्या मराठीत बोलते, त्यात 'व्हय' आहे, 'गं बया' आहे, मुठ्याच्या पलीकडे गेलं की बदलणारा हेल आहे. तो कलाकारांना शिकवायला माझ्या वर्गातली मुलं तयार आहेत. त्यांना विचारूनच लिहिते आहे.

आणखी एक मागणं. 'कार्गो' मामि महोत्सवात दाखवला गेला, पुढे एसएक्सएसडब्ल्यूमध्ये निवडला गेला, तो महोत्सव महामारीमुळे रद्द झाला, आणि सप्टेंबर २०२० मध्ये तो नेटफ्लिक्सवर आला. आम्ही तो मोबाइलवर पाहिला. पुष्पक यानाचा तो लांबलचक, माणसांविना पडलेला मार्ग हातात मावेल एवढ्या काचेवर पाहिला. पुढचा चित्रपट कोथरूडच्या सिटी प्राइडला पाहायचा आहे, पिरंगुटहून पोरं घेऊन जायचं आहे. लोक येणार नाहीत असं निर्माते म्हणाले तर त्यांना 'तुंबाड' दाखवा. राही अनिल बर्वे यांचा तो चित्रपट ऑक्टोबर २०१८ मध्ये आला तेव्हा थोडक्यात आटोपला. सप्टेंबर २०२४ मध्ये पुन्हा लागला, तर पहिल्या वेळेहून जास्त गल्ला जमला. कोकणातला वाडा, सततचा पाऊस, आजीच्या गोष्टीतलं भय, यासाठी लोक दुसऱ्यांदा तिकीट काढून आले. तुमच्या चित्रपटासाठी पहिल्यांदाच येतील.

तुम्ही याल, हे गृहीत धरून थोडी व्यवस्थेची माहिती देते. पाहणीला मे महिन्यात येऊ नका. तेव्हा पाणी खाली जातं, डोंगर भाजलेले असतात आणि सगळं पर्यटनाच्या जाहिरातीउलट दिसतं खरं, पण ते एकाच प्रकारचं दिसणं आहे. जुलैच्या पहिल्या पंधरवड्यात या, आठवड्याच्या मधल्या वारी. पुण्याहून चांदणी चौक, पिरंगुट, मुठा आणि टेमघरचा घाट असा रस्ता आहे. दुपारी तीनच्या आत घाट चढून घ्या, नंतर धुकं खाली येतं. घाटात दरडीची शक्यता असली की आम्ही फोन करून कळवू. चित्रीकरणाची परवानगी नक्की कुणाकडे मागायची हे सध्याच्या कारभारात लगेच स्पष्ट होत नाही, तेव्हा ती चौकशी मी आत्तापासून सुरू करते. प्रहस्तात आपले पप्पा पाहणाऱ्या त्या विद्यार्थिनीच्या वडिलांची पाळी रात्री आठला सुरू होते. त्यांच्याबरोबर एक फेरी मारायला मिळेल, त्यांनी हो म्हटलं आहे. पहिल्या वेळी कॅमेरा आणू नका, पायात चांगल्या पकडीचे बूट घाला, आणि जेवायला आमच्याकडेच या.

तुमची,
मुळशी तालुक्यातली एक शिक्षिका आणि प्रेक्षक